खाटेखालचे भोपळे

मोरीच्या मागे पुन्हा भोपळ्याची वेल आली आहे. कुणी लावलेली नाही. आषाढात एका सकाळी कामाला निघताना पाहिलं, तेव्हा चार पानं होती. गणपती बसेपर्यंत तिने कंपाउंडची भिंत गाठली, आणि आता पितृपक्षात ती पलीकडच्या वर्कशॉपच्या पत्र्यावर चढून बसली आहे. रोज सकाळी पत्राभर पिवळी फुलं असतात. गल्लीतले लोक जाता-येता थांबून बघतात, एखादी बाई भज्यांसाठी दोन फुलं मागून नेते. मला मात्र त्या फुलांचा राग येतो. फुलांवर रागावणारा माणूस म्हणजे अजबच, हे मला कळतं. तरी येतो.

आमचं घर चिखलीच्या पुढे, तळवड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत. एका गुंठ्याचा प्लॉट. निम्म्यात दोन खोल्या आणि निम्म्यात वडिलांची बाग. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. हा प्लॉट घेतला तेव्हा सगळा मुरूम होता आणि त्यात कुदळ टाकली की ठिणग्या उडायच्या. अण्णा बीडकडच्या गावाहून परत येताना दर खेपेला एसटीतून एक गोणी काळी माती आणायचे. "काका, दगड भरलेत का काय?" असं कंडक्टर विचारायचा. "न्हाई, माती हाय," अण्णा सांगायचे, आणि कंडक्टर ह्यांचं डोकं तपासून घ्यावं अशा नजरेने त्यांच्याकडे बघायचा. त्या मातीवर अण्णांनी मिरची केली, वांगी केली, शेवगा लावला. पण त्यांचा खरा जीव लाल भोपळ्यावर. शेजारच्या शेडमध्ये दिवसभर ग्राइंडर ओरडतो, समोरच्या रस्त्याने चाकणकडे जाणारे कंटेनर धूळ उडवत जातात, हवेत मशिनच्या कूलंटचा तेलकट वास असतो, आणि ह्या सगळ्यात मोरीच्या पाण्यावर भोपळे मजेत वाढायचे.

अण्णा एका फोर्जिंगच्या कारखान्यात भट्टीवर होते. रात्रपाळी त्यांनी मागून घेतली होती, कारण दिवसाच्या उन्हात ती भट्टी सोसवत नाही. ह्या रात्रपाळीचा भोपळ्याला फार फायदा झाला. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटून जातं. ह्या भागात मधमाश्या जवळजवळ नाहीतच, त्यामुळे नर फुलातला पराग मादी फुलाला माणसाने लावावा लागतो, आणि तोही फूल उघडं आहे तोवर. कंपनीची बस अण्णांना सकाळी नाक्यावर सोडायची. खांद्याला डब्याची पिशवी तशीच ठेवून, तोंडही न धुता, ते आधी वेलीकडे जायचे. एक नर फूल खुडायचे, त्याच्या पाकळ्या सोलून काढायचे आणि मधला दांडा अलगद एकेका मादी फुलात फिरवायचे. आई दारातून ओरडायची, "चहा निवतोय! त्या भोपळीशीच लगीन लावायचं होतं!" अण्णा मागे न बघता म्हणायचे, "तेच लावायलोय." हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो ऐकू येत नाही, तेव्हा सकाळ अर्धवट वाटते.

आणि रात्रपाळीचा गल्लीलाही फायदा झाला. तो कसा, ते सांगतो. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही, असं आहे. का, ते आईला माहीत नाही, तिच्या आईलाही माहीत नव्हतं. पुरुषाने एकदा खाच पाडून दोन भकलं केली की पुढे बाईने त्याचं हवं ते करावं. गावाकडे ह्याची अडचण होत नाही, कुणीतरी पुरुष पारावर किंवा ओट्यावर बसलेला असतोच. इथे सकाळी फर्स्ट शिफ्टच्या बसा गेल्या, मग जनरलच्या गेल्या, की अख्खी गल्ली बायका-पोरांची होते. मग भोपळा फोडायचा कुणी? तर दिवसा घरी असणाऱ्या अण्णांनी. कोल्हापूरच्या, जालन्याच्या, खान्देशातल्या बायका पदराखाली भोपळा घेऊन आमच्या दारात यायच्या. "अण्णा उठले का?" "झोपलेत, पण उठवते की." अण्णा बनियनवर, डोळे चोळत बाहेर यायचे, काम करायचे आणि परत जाऊन झोपायचे. पितृपक्षात आणि भोगीच्या आदल्या दिवशी तर रांग लागायची. कापणाऱ्याला एक फोड ठेवायची पद्धत कुणी पाडली कोण जाणे, पण आमच्या घरात त्या दिवसांत फोडींचा ढीग जमायचा आणि आई कपाळाला हात लावायची. "आता एवढ्याचं काय करू, माझं डोकं?"

करायची मात्र सगळं. फोडणीत मेथ्या लाल होऊ द्यायच्या, मग सालासकट फोडी टाकायच्या, वर झाकणात पाणी ठेवून वाफ आणायची, आणि शेवटी गुळाचा खडा, लाल तिखट, शेंगदाण्याचा कूट. ही अण्णांची भाजी. किसून गुळात शिजवायचा आणि त्यात मावेल तेवढी कणीक मळून घारगे तळायचे, ते माझ्या डब्याला. उकडून, दह्यात कालवून, वर जिऱ्याची फोडणी दिलेलं भरीत तिचं स्वतःचं. बिया राखेत घोळून पत्र्यावर वाळायच्या. मी आता ज्या कंपनीत क्वालिटीला आहे तिथे माझ्या डब्यावरून पोरं मला चिडवायची, "काय राव, आज पण भोपळा?" मला तेव्हा लाज वाटायची. आज कुणी चिडवत नाही, कारण डब्यात भोपळा नसतो.

अण्णा भोपळा फोडायचे तो थाट बघण्यासारखा असायचा. अंगणात गोणपाट टाकायचे, त्यावर भोपळा ठेवायचे आणि आधी नुसता थोपटायचे. मग तो फिरवून त्याच्या दोन फुगवट्यांमधली खोबण शोधायची. तिथे कोयत्याचं टोक टेकवायचं आणि वरून वरवंट्याचा एकच ठोका द्यायचा. भोपळ्यातून खोल आवाज यायचा आणि तो उघडायचा. आतला केशरी रंग पहिल्यांदा उजेड बघायचा, काकडीसारखा ओला वास अंगणात पसरायचा. अण्णा दोन्ही भकलं आईपुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "घे, झालं."

गेल्या वर्षी श्रावणात अण्णा बसमधून उतरून नेहमीसारखे वेलीपाशी गेले आणि तिथेच खाली बसले. आईला वाटलं, दमलेत. ती चहा गाळत होती. चहा घेऊन गेली तर त्यांच्या उजव्या हातातून फूल गळून पडलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि ते तिला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. शेजारच्या रुखसानाभाभींचे मिस्टर मेकॅनिक आहेत. त्यांनी दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी गाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. मी कंपनीतून पोचलो तेव्हा लकवा आहे हे ठरलं होतं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेली होती.

घरी आणलं तेव्हा गौरी येऊन गेल्या होत्या. माझं लग्न व्हायचं आहे, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. बाहेरच्या खोलीत त्यांच्यासाठी लोखंडी खाट टाकली. खिडकीतून वेल दिसायची. अण्णांनी हाताने धरवलेली फळं एव्हाना परातीएवढी झाली होती आणि हिरवी कातडी पिवळट व्हायला लागली होती. मालक आजारी पडला म्हणून त्यांचं काही अडलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पहिले काही महिने महत्त्वाचे, हातात जे यायचं ते तेवढ्यात येईल. फिजिओचा मुलगा यायचा, स्पंजचा चेंडू दाबायला द्यायचा, कपड्यांचे चिमटे उघडायला द्यायचा. आईने ह्या सगळ्याचं भाषांतर आपल्या हिशेबाने केलं. भोपळे उतरेपर्यंत अण्णांचा हात येणार. त्या वर्षीचा पहिला भोपळा अण्णा फोडणार.

दिवाळीनंतर देठ वाळले, सालीवर नख लागेना, तेव्हा मी भोपळे उतरवले. देठ लांब ठेवून कापायचा, देठाला धरून उचलायचं नाही, हे अण्णांचंच शिकवणं. ते खिडकीतून बघत होते. मी चुकलो नाही हे बघून त्यांनी डावा हात जरासा हलवला. ठेवायचे कुठे? कोरडी जागा एकच होती, अण्णांच्या खाटेखाली. आईने तिथे पाचट पसरलं आणि एकेक भोपळा तिथे सरकवला. मी म्हणालो, "अगं, एवढे कशाला साठवतेस? एखादा फोडू या की. मी फोडतो."

"तू कशाला? तुझा बाप हाय की."

"अण्णांचा हात कधी—"

"भोपळा थांबतो," आई म्हणाली. "ती काय मेथीची जुडी हाय का, उद्या सुकायला?"

आणि हे खरंच होतं. सगळ्या भाज्यांत वाट बघू शकणारी ही एकच भाजी. आईने नेमकी तिच्यावर भिस्त ठेवली, ह्यात तिचं काय चुकलं, हे मला अजून सांगता येत नाही. पण तो हिवाळा फार वाईट गेला. अण्णांना भाजी हवी असायची. बोटाने खाली, खाटेकडे दाखवायचे. मग आई आठवडी बाजारात जायची आणि भोपळ्याची फोड विकत आणायची. घरात खाटेखाली भोपळ्यांची ओळ, आणि आई बाजारातून प्लास्टिकच्या पिशवीत चिरलेली फोड घेऊन येते. भाजीवाला म्हणायचा, "मावशी, अख्खा घ्या की, परवडंल." आई म्हणायची, "नको, अख्खा हाय घरी." तो बिचारा फोड पिशवीत घालून द्यायचा. त्या विकतच्या फोडीची भाजी आई तशीच करायची, मेथ्या, गूळ, कूट. अण्णा दोन घास खायचे आणि तोंड फिरवायचे. बाजारच्या भोपळ्याला पाणचट चव असते, हे त्यांना कळायचं. आणि ती का आणावी लागते, हेही.

रुखसानाभाभी एकदा काही मागायला आल्या आणि खाली वाकून बघत राहिल्या. "या अल्ला, केवढे! भाभी, द्या इकडं एक, मी कापते. आमच्यात नाही असलं काही."

"तुमच्यात न्हाई हो," आई म्हणाली, "पण भोपळ्यात हाय."

भाभी हसल्या. आईही हसली. अण्णाही हसले असावेत, त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. त्या हिवाळ्यात आम्ही सगळे एकत्र हसलो तो बहुधा तेवढाच प्रसंग. मला त्या क्षणी वाटलं होतं की आता आई एक भोपळा बाहेर ओढेल आणि भाभींच्या हातात देईल. तिने दिला नाही.

मग भोगी आली. भोगीच्या भाजीत भोपळा पाहिजे, आणि आईने आदल्या दिवशीच ठरवलं होतं. सकाळी अण्णांना न्हाऊ घातलं, धुतलेला शर्ट घातला, मी त्यांना उचलून अंगणात खुर्चीवर बसवलं. उन्हं कोवळी होती. आईने गोणपाट टाकलं, त्यावर पाट, पाटावर सगळ्यात देखणा भोपळा. तिने कोयता अण्णांच्या उजव्या हातात ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून मुठीवर वळवली. फिजिओच्या मुलाने शिकवलं होतं तसंच. बोटं सुटली. तिने परत वळवली. मग तिने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला, घट्ट, आणि म्हणाली, "लावा. मी नुसती धरलेय."

टोक खोबणीत टेकलं. अण्णांचा खांदा वर आला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी इतका जोर लावणारा माणूस कधी पाहिला नाही. पण तो जोर कोपराच्या खाली उतरतच नव्हता. कोयता घसरला, सालीवर एक पांढरी रेघ उठली, आणि भोपळा पाटावरून गडगडत फाटकापर्यंत गेला. पलीकडचा ग्राइंडर चालूच होता. मी भोपळा उचलून आणला. अण्णांनी डाव्या हाताने मांडीवरचा कोयता घेतला, उलटा केला, आणि मूठ माझ्याकडे केली. आजारपणानंतर त्यांना जे दोन-तीन शब्द स्पष्ट येत होते त्यातला एक त्यांनी उच्चारला. "घे."

त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. मी हात पुढे केला. तेवढ्यात आईने कोयता मधूनच हिसकावला. "तू बस खाली! बाप जित्ता हाय तुझा अजून!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की गल्लीतली दारं उघडली. मग ती आत गेली आणि भोपळ्यावाचून भोगीची भाजी केली. आम्ही बाजरीच्या भाकरीशी ती खाल्ली. अण्णांनी तोंड उघडलंच नाही.

मला तेव्हा आईचा संताप आला होता. नंतर वाटलं, तिला कळत नव्हतं असं नाही. कोयता माझ्या हातात गेला असता तर घरातला पुरुष बदलला असता. एका भाजीसाठी एवढं मोजायची तिची तयारी नव्हती. आणि अण्णांना नेमकं तेच हवं होतं. त्यांना मोकळं व्हायचं होतं. रोज अंगाखाली भोपळ्यांची ओळ घेऊन झोपणं, ते आपल्या हाताची वाट बघताहेत हे माहीत असणं, ह्यातून त्यांना सुटका हवी होती. दोघांचंही खरं होतं. म्हणूनच ह्यातून वाट निघत नाही.

शिमग्याच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, "आता आहे ते असंच धरून चला." आई समोरच बसली होती. तिने विचारलं, "पुढची तारीख कधीची?"

उन्हाळ्यात भोपळे गेले. पत्र्याच्या घरात चैत्र-वैशाख काय असतो ते सांगायला नको. आई दर आठवड्याला ते फिरवून ठेवायची. पहिला गेला तो अण्णांना आधी कळला. ते खाटेच्या कडेवर हाताने ठोकत राहिले. मी वाकून भोपळा उचलायला गेलो तर अंगठा आरपार आत गेला. वरून काही दिसत नव्हतं, साल तशीच देखणी, भगवी. मी तो मोरीमागच्या कचऱ्याच्या खड्ड्यात नेऊन टाकला आणि तो पडताच फुटला. आत सगळं पाणी झालं होतं. मग एकेक करत सगळे गेले. दर वेळी आई म्हणायची, "उन्हाळ्याचं होतंच असं," आणि पाचट बदलायची.

त्याच खड्ड्यातून ही वेल आली आहे.

आईला केवढा आनंद झाला! "बघ, आपोआप आली. म्हंजी काहीतरी हाय." पहाटे उठून ती स्वतः नर फुलं खुडते, पाकळ्या सोलते आणि मादी फुलांना लावते. हे ती कधी शिकली कुणास ठाऊक. चहा निवत असतो.

गौरी गेल्यानंतरच्या रविवारी मी अण्णांना खुर्चीवर बसवून वेलीपाशी नेलं होतं. फळं तेव्हा लिंबाएवढी होती, सुकलेलं फूल अजून टोकाला चिकटलेलं. आमच्याकडे अशा कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवत नाहीत. दाखवलं तर ते सडतं, झडून पडतं. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवतात. अण्णा ह्या बाबतीत फार कडक. लहानपणी मी एकदा बोट दाखवलं तर त्यांनी माझ्या हातावर सणसणीत चापट दिली होती. मी जरा बाजूला पाइप जोडत होतो. वळून पाहिलं तर अण्णांचा डावा हात वर होता. तर्जनी सरळ. भिंतीवरच्या फळाकडे त्यांनी बोट रोखलं, थोडा वेळ तसंच ठेवलं. मग त्याच्या शेजारच्याकडे. मग पत्र्याच्या कडेला लोंबणाऱ्याकडे. एकही सुटू नये म्हणून ते मान वळवून पानांआड शोधत होते.

"अण्णा, अहो..." मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या फळाकडे बोट केलं.

आई चहा घेऊन दारात आली होती. तिने पाहिलं. मला वाटलं, आता ती आकाशपाताळ एक करेल. पण त्यांचं सगळं दाखवून होईपर्यंत कप हातात धरून उभी राहिली, मग जवळ येऊन चहा बशीत ओतून त्यांना पाजला, आणि पदराने त्यांची हनुवटी पुसली.

आज सकाळी मी डबा भरत होतो, तेव्हा अण्णांनी खाटेवरून मला हाक मारली. हाक म्हणजे एक आवाज, पण तो माझ्यासाठीचा असतो. जवळ गेलो. खिडकीतून आता पानंच दिसतात, आतलं काही दिसत नाही. शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला. बाहेर माझी बस चुकत होती.

"झ... झडली?"

एकही झडलेलं नाही. सगळी फळं धरली आहेत, नारळाएवढी झाली आहेत. गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहेत.

"झडली, अण्णा," मी म्हणालो. "सगळी झडली."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. किती दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी सैल झालेली मी पाहिली. मी चपला घालून बाहेर पडलो. मोरीमागे आई वाकून सगळ्यात मोठ्या फळाखाली वीट सरकवत होती, ओल लागून ते खालून नासू नये म्हणून.